मोहल्ला समित्या आणि दहशतवादाचा प्रतिकार : भिवंडीचा धडा

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईत उसळलेल्या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने १९९८ मध्ये शासनाला सादर केलेल्या अहवालात या काळाची तपशीलवार नोंद आहे. त्याच दोन महिन्यांत ठाण्यापलीकडे मुंबई-आग्रा मार्गावर वसलेले भिवंडी शहर मात्र शांत राहिले. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली ज्या शहराने सोसल्या होत्या आणि राज्यात कोठेही तणाव निर्माण झाला की बंदोबस्ताच्या दृष्टीने ज्याचा विचार आधी केला जाई, ते शहर या वेळी पेटले नाही.

ही गोष्ट योगायोगाने घडली नव्हती. तिच्यामागे काही वर्षांचे चिकाटीचे काम होते आणि त्या कामाला एक निश्चित पद्धत होती. धार्मिक अतिरेक आणि दहशतवाद यांचा प्रतिकार कसा करावा, याचा विचार आज राष्ट्रीय पातळीवर होत आहे. कायदे झाले आहेत, तपास यंत्रणा उभ्या राहिल्या आहेत. परंतु या सर्व व्यवस्थेचा पाया गल्लीत आणि गावात घातला जातो, ही बाब भिवंडीच्या अनुभवातून स्पष्ट होते. म्हणूनच शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी या अनुभवाचा अभ्यास करणे अगत्याचे आहे.

सुताने बांधलेले शहर

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. कोकणी मुसलमान, उत्तर हिंदुस्थानातून येथे येऊन स्थायिक झालेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली कामगार, उत्तर प्रदेश व बिहारमधील मजूर, सुताचे व कापडाचे गुजराती-मारवाडी व्यापारी आणि भोवतालच्या गावांतील आगरी व कुणबी शेतकरी, अशा अनेक समाजांच्या परस्पर व्यवहारावर या शहराचा संसार चालत आला आहे. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, मागावर राबणारे हात तिसऱ्याचे आणि तयार कापडाचा गिऱ्हाईक चौथा, अशी ही साखळी आहे. दंगलीत तिची एक कडी तुटली की सगळेच माग थांबतात. मजूर आपापल्या मुलखाची वाट धरतात आणि महिनोन्‌महिने धंदा सावरत नाही.

व्यवहारात एकमेकांवर इतके अवलंबून असलेले लोक एकमेकांच्या जिवावर कसे उठले, हा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे की धंद्याचा संबंध हा दिवसाचा आणि बाजारातला होता. वस्ती मात्र वेगळी होती. मालक-मजूर आणि व्यापारी-कारखानदार रोज भेटत, परंतु शेजारी म्हणून बसून बोलण्याची जागा त्यांना नव्हती. संकटाच्या वेळी उपयोगी पडतो तो शेजाऱ्याचा संबंध, आणि नेमका तोच दुबळा होता.

दोन दंगली आणि एका आयोगाचे निष्कर्ष

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल सुरू झाली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत पोहोचले. या घटनांच्या चौकशीसाठी शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला. आयोगाचा अनेक खंडांचा अहवाल जातीय दंगलींच्या अभ्यासात आजही आधारभूत मानला जातो.

या अहवालातील तीन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की दंगल एका दिवसात होत नाही. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल यांवरून अनेक वर्षे वाद धुमसत होता आणि दोन्ही बाजूंच्या जातीय संघटना तो विझू देत नव्हत्या. दुसरी गोष्ट अशी की मिरवणुकीतील काही गटांचे चिथावणीखोर वर्तन हे तात्कालिक कारण ठरले; ते घडू शकेल अशी चिन्हे आधीपासून दिसत होती. तिसरी गोष्ट शासनयंत्रणेच्या दृष्टीने सर्वांत कटू आहे. दंगलीनंतरच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाने पक्षपात केला, असा स्पष्ट ठपका आयोगाने ठेवला. गुन्हेगाराला शासन होणे जितके आवश्यक आहे, तितकेच निरपराध माणसाला त्याच्या धर्मामुळे गोवले न जाणे आवश्यक आहे. यातील दुसरी गोष्ट चुकली की पहिलीवरचा लोकांचा विश्वास उडतो.

आयोगाचे निष्कर्ष समोर असतानाही मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ही आग ठाणे व मुंबईपर्यंत पसरली आणि सर्व मिळून अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. अहवाल कपाटात राहिला तर तो कोणाचे रक्षण करीत नाही, हे या दुसऱ्या आघाताने दाखवून दिले.

मोहल्ला समित्यांची बांधणी

१९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी १९८४ च्या दंगलीचा बारकाईने अभ्यास केला. शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या. परंतु त्यांत बहुधा पुढारी व प्रतिष्ठित मंडळी असत. सणावारांच्या तोंडावर बैठक होई, चहापान होई, एकोप्याचे आवाहन करणारे पत्रक निघे आणि पुढच्या सणापर्यंत समिती झोपी जाई. ज्या गल्लीत दगड पडणार, त्या गल्लीतील माणूस या समितीत नसे.

खोपडे यांनी हा क्रम उलटा केला. समिती शहराची न करता मोहल्ल्याची केली. भिवंडीत अशा ७० समित्या स्थापन झाल्या. प्रत्येक समितीत हिंदू व मुसलमान सभासद सारख्या संख्येने घेण्याचे धोरण ठेवण्यात आले. सभासद निवडताना पुढारीपणापेक्षा मोहल्ल्यातील पत पाहिली जाई. दुकानदार, मागवाले, कामगार, शिक्षक अशी रोज लोकांत वावरणारी माणसे एकत्र आली आणि प्रत्येक समितीशी पोलीस दलातील कर्मचारी जोडून देण्यात आले.

या समित्यांच्या यशाचे मर्म त्यांच्या विषयपत्रिकेत होते. बैठकीत धर्मावर व्याख्याने होत नसत. तुंबलेले गटार, रस्त्यावरची गाडी, दोन घरांतील भिंतीचा तंटा, मुलांची मारामारी, भोंग्याचा आवाज असे रोजचे प्रश्न समोर येत. हे प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतात. परंतु तंटा करणारे दोघे वेगळ्या धर्माचे असले की त्याच क्षुल्लक भांडणाला जातीय रंग चढण्यास वेळ लागत नाही. भांडण लहान असतानाच मिटले, तर त्यावर कोणाला आपली पोळी भाजून घेता येत नाही.

दुसरा लाभ पोलिसांचा झाला. गल्लीतील माणूस एरवी पोलिसाला केवळ पकडणारा म्हणून ओळखत असे. आता तो त्याला ऐकून घेणारा म्हणूनही ओळखू लागला. पोलिसालाही ज्या वस्तीत संशयाने जाण्याची सवय होती, तेथील माणसे नावानिशी माहीत झाली. माहिती देणारा खबऱ्या आणि विश्वासाने बोलणारा नागरिक यांत मोठा फरक आहे. खबऱ्याला आपले काम लपवावे लागते. नागरिक चारचौघांत बोलतो आणि आपल्या शब्दाची जबाबदारीही घेतो.

डिसेंबर १९९२ ची कसोटी

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर देशभर तणाव पसरला. त्या वेळी भिवंडीत पोलीस उपायुक्त असलेले गुलाबराव पोळ यांनी आधीच्या अधिकाऱ्याने उभारलेली ही व्यवस्था मोडीत काढली नाही, तर ती वापरली. अशा प्रसंगी अफवा हेच दंगलीचे पहिले हत्यार असते. अमुक वस्तीवर हल्ला झाला, तमुक प्रार्थनास्थळ पाडले, अशी आवई उठली की ती खरी की खोटी हे विचारण्यासाठी पलीकडच्या वस्तीत ओळखीचा माणूस असावा लागतो. भिवंडीतील समित्यांनी तो माणूस आधीच मिळवून दिलेला होता.

या अनुभवाचा विचार पुढे दूरवर झाला. खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भिवंडीचे उदाहरण घेतले. वेगवेगळ्या धर्मांचे लोक ज्या संघटनांत एकत्र काम करतात, त्या संघटना दंगलीला अटकाव करतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अशा संघटना नसतील तेथे प्रशासनाला त्या उभारता येतात, याचा दाखला भिवंडीने दिला. मुंबईतही १९९४ पासून पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलियो रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समितीची चळवळ सुरू झाली.

दंगल आणि दहशतवाद यांचा संबंध

जातीय दंगल आणि दहशतवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंगल जमावाची असते आणि उघड्यावर होते; दहशतवादी कृत्य थोड्या माणसांच्या गुप्त कटातून घडते. तरीही त्यांचे नाते तोडता येत नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मारली गेली. आधीच्या दोन महिन्यांतील दंगली आणि हे स्फोट यांत कारणसंबंध असल्याचे श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले आहे. यामुळे स्फोट घडवून आणणाऱ्यांचा अपराध तिळमात्रही कमी होत नाही. परंतु दंगलीतून निर्माण होणारी सूडाची भावना हे अतिरेक्यांचे भांडवल असते, आणि ते कोणत्याही एका धर्माच्या अतिरेक्यांपुरते मर्यादित नसते, हे मान्य करावे लागते. दंगल टाळणारा मोहल्ला पुढच्या कटाला मिळणारी माणसेही कमी करीत असतो.

राष्ट्रीय यंत्रणा

गेल्या काही दशकांत या संकटाशी मुकाबला करण्यासाठी देशाने कायदेशीर व प्रशासकीय चौकट उभारली आहे. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम १९६७ चा आहे. २००४, २००८ व २०१९ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. राज्यात २००४ मध्ये दहशतवादविरोधी पथक स्थापन झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला. केंद्रीय गृह मंत्रालयात २०१७ मध्ये दहशतवाद व कट्टरता यांच्या प्रतिकारासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या देण्यात आली असून, धर्म इत्यादी कारणांवरून समाजगटांत वैर वाढविणे हा कलम १९६ खाली गुन्हा आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने सप्टेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक दहशतवादविरोधी धोरणाचे चार आधारस्तंभ आहेत. दहशतवादाच्या प्रसाराला पोषक ठरणारी परिस्थिती दूर करणे, दहशतवादाला आळा घालणे व त्याचा मुकाबला करणे, राज्यसंस्थांची क्षमता वाढविणे, आणि हे सर्व करताना मानवी हक्क व कायद्याचे राज्य यांचे पालन करणे, असे ते चार स्तंभ होत. यांपैकी मधल्या दोहोंची मुख्य जबाबदारी केंद्र व राज्य यंत्रणांची आहे. पहिला आणि चौथा मात्र शाळा, ग्रामपंचायत व पोलीस ठाणे यांच्या दैनंदिन कारभाराशी निगडित आहेत.

आजचे आव्हान

भिवंडी परिसराचा विचार करताना अलीकडच्या घटनांकडे डोळेझाक करता येत नाही. मे २०१४ मध्ये शेजारच्या कल्याण शहरातील चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तेथून परदेशी दहशतवादी संघटनेच्या नादी लागले. मुले घरी नाहीत हे प्रथम त्यांच्या घरच्यांना कळले आणि कुटुंबीयांनी पोलिसांकडे धाव घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने भिवंडी तालुक्यातील पडघा-बोरिवली येथे व अन्य ठिकाणी छापे घालून १५ जणांना अटक केली. त्यांच्यावरील आरोप अत्यंत गंभीर होते. कोणत्याही आरोपाचा निर्णय मात्र पुराव्याच्या आधारे न्यायालयातच होतो.

या दोन घटनांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. तरुणात होणारा बदल प्रथम आई-वडिलांना, भावंडांना, शिक्षकाला किंवा मित्राला जाणवतो. तपास यंत्रणेला तो फार उशिरा कळतो. जुने मित्र तोडणे, घरच्यांना अधार्मिक ठरविणे, रात्रंदिवस भ्रमणध्वनीवरील बंदिस्त गटांत रमणे, हिंसेचे समर्थन करणे ही चिन्हे एकत्र दिसू लागली, तर घरातील माणूस अस्वस्थ होतो. वाढलेली धर्मनिष्ठा, पेहराव किंवा प्रार्थना ही मात्र अतिरेकाची चिन्हे नव्हेत. हा भेद न केल्यास श्रद्धाळू माणूस अकारण दुखावला जातो आणि खरा धोका नजरेआड राहतो.

दुसरी गोष्ट गावाच्या नावाची आहे. काही व्यक्तींवरील आरोपांमुळे संपूर्ण गावाला किंवा समाजाला दूषण दिले, तर गावातील तरुणाला नोकरी, भाड्याची खोली, सोयरीक या प्रत्येक ठिकाणी त्याची झळ पोहोचते. तुम्हाला हा देश आपला मानीत नाही, असे अतिरेकी प्रचारक त्याच्या कानात सांगत असतो. सरसकट संशय घेणारा माणूस नकळत त्या प्रचाराला पुरावा देतो. शिवाय ज्या आईने मुलाबद्दलची काळजी पोलीस ठाण्यात येऊन सांगावी अशी अपेक्षा आहे, तिला तेथे आपल्यावरच शिक्का बसेल अशी भीती वाटली, तर ती येणार नाही. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने गेल्या दशकात वाट चुकलेल्या काही तरुणांना, त्यांनी गुन्हा करण्यापूर्वीच, समुपदेशनाने व कुटुंबाच्या मदतीने परत आणण्याचा मार्ग अवलंबिला. तो यशस्वी होण्यास हा विश्वास अपरिहार्य आहे.

व्यवस्था जपावी लागते

भिवंडीच्या इतिहासात एक इशाराही आहे. ५ जुलै २००६ रोजी पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून शहरात उद्रेक झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मृत्यू पावले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांची निर्घृण हत्या केली. मोहल्ला समित्यांचे काम पूर्वीसारखे नियमित राहिले नव्हते, अशी टीका त्या वेळी झाली. जागेचा वाद हा वस्तीशी बोलून सोडविण्याचा विषय होता. संवादाची वहिवाट बंद पडली की तिची किंमत नागरिक आणि पोलीस या दोघांनाही मोजावी लागते. अधिकाऱ्यांच्या बदल्या होणारच. परंतु समितीचे काम एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून न राहता कार्यालयाच्या नित्यक्रमाचा भाग झाले पाहिजे.

गावपातळीवरील कार्य

ग्रामीण भागात यासाठी नवे काही निर्माण करण्याची गरज नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगाव समितीची ओळख करून दिली आहे. पोलीस पाटील, ग्रामसभा व ग्रामसुरक्षा दल हेही उपलब्ध आहेत. पंचायत सदस्यांनी तीन गोष्टींकडे लक्ष पुरवावे. समितीत गावातील सर्व धर्मांचे व जातींचे लोक आणि स्त्रिया असाव्यात. बैठक सणापुरती न होता ठरलेल्या दिवशी व्हावी आणि मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिवर्धक, दफनभूमी-स्मशानभूमीचा रस्ता हे विषय वाद होण्याआधी निकालात निघावेत. अफवा उठल्यास ती पुढे पाठविण्याऐवजी समितीच्या दुसऱ्या समाजातील सभासदाला प्रथम विचारावे आणि धोका दिसताच ११२ या क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे.

शिक्षकाचे काम याहून नाजूक आहे. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसविले, तर तो प्रश्न घेऊन दुसरीकडे जातो आणि तेथे उत्तर देणारा कोण असेल याचा भरवसा नसतो. इतिहासातील कटू प्रसंग टाळू नयेत, परंतु त्यांचे ओझे आजच्या शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकू नये. बदललेल्या मुलाबाबत शंका आल्यास शिक्षकाने प्रथम पालकांना भेटावे. हिंसेचा प्रत्यक्ष धोका जाणवल्यास मात्र पोलिसांना कळविण्यास विलंब लावू नये. अधिकाऱ्यांनी तक्रार घेताना व कारवाई करताना सर्वांना एकच माप लावावे. चिथावणी देणारा कोणत्याही धर्माचा वा पक्षाचा असो, कायदा त्याच्यापर्यंत सारख्याच वेगाने पोहोचला पाहिजे. मादन आयोगाने दाखविलेला दोष दूर करण्याचा दुसरा उपाय नाही.

दहशतवाद्याला जेरबंद करणे हे तपास यंत्रणांचे काम आहे आणि ते त्यांनीच करावयाचे आहे. परंतु त्याला आसरा, भांडवल आणि नवे अनुयायी मिळू न देणे हे काम समाजाचे आहे. भिवंडीच्या ७० समित्यांनी गटारे, भिंती आणि भोंगे यांवर बोलत बोलत ते काम केले. बैठकीच्या ठरलेल्या दिवशी सतरंजी अंथरली जाणे आणि तिच्यावर सर्वांनी येऊन बसणे, हा राष्ट्रीय सुरक्षेचाच एक भाग होय.